स्नायू मेला की झोपला?

माणसाला उघड्या अंगाने झोपवा, हातापायांना वायरी बांधा आणि म्हणा, "आता गप्प पडा." तो बोलतोच! नागपूरच्या एका दवाखान्यात मी ईसीजी काढायचो, तेव्हा असे किस्से आपसूक साठत गेले. ऐंशीच्या आसपासचा काळ. हल्ली एमआरआय करून हृदयाच्या स्नायूत कुठे जीव उरलाय ते दाखवतात. आमच्याकडे होती ईसीजीची पट्टी आणि आमचे मोठे डॉक्टरसाहेब.

*

साहेबांची स्वतःची टेस्ट म्हणजे दवाखान्याचा जिना. ॲटॅकमधून उठलेल्या पेशंटला बोलत बोलत वर न्यायचं. बोलणं तुटलं, की हृदय दमलं! पारशिवनीच्या एका गुरुजींना असंच नेलं. गुरुजी वरपर्यंत अखंड बोलत होते. साहेबच कठडा धरून उभे राहिले.

गुरुजींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "साहेब, तुमची पट्टी काहून नाही काढत?"

*

मग ट्रेडमिल आली. जरीपटक्याचे एक कापड व्यापारी टेस्टला आले आणि असे धावले, की रिपोर्ट एकदम झकास! सहीच्या वेळी कळलं, हा धाकटा भाऊ. पेशंट दुकानात बसलेला! साहेब भडकले.

भाऊ शांतपणे म्हणाला, "भैया आते तो फेल हो जाते ना, साब!"

*

पण कामठीचे देवराव ते देवरावच. पॉवरलूमवर विणकर. ॲटॅक मोठा होता. घरी गेल्यावर काही आठवड्यांनी बायकोला घेऊन तपासायला आले. लूम पुन्हा चालवता येईल का, एवढंच त्यांना हवं होतं. मालकाने जागा ठेवली होती, पण तो तरी किती दिवस ठेवणार?

पट्टी पाहून माझंच तोंड उतरलं.

साहेब म्हणाले, "हृदयाचा पुढचा स्नायू मेलेला दिसतो. नुसता झोपला असेल तर जागा होईल, पण ते सांगणारं मशीन आपल्याकडे नाही. लूम बंद."

देवराव शर्टाची बटणं लावत राहिले. मला फार वाईट वाटलं.

"जाताना बसने जा," साहेब म्हणाले.

"मंग सायकल कोण नेईन?"

"सायकल? कामठीहून सायकलने आलात?"

"हो ना. हिले डबलसीट घेऊन."

साहेबांनी पट्टी पुन्हा उजेडात धरली. मग खुर्ची ओढून देवरावांच्या बायकोसमोर बसले. "बाई, खरं सांगा. रस्त्यात कुठे थांबले का हे?"

"थांबले ना. चढावर. मले खाली उतरवलं."

"का? दम लागला त्यांना?"

बाई पदर सावरत म्हणाली, "कोण जाणे! मले तं म्हणे, 'उतर वं, वजन वाढून राहिलं तुहं!'"