अर्नाळ्याचे पाणी

आईला काय हवे आहे हे आम्हाला कळत नव्हते, आणि तिला ते सांगता येत नव्हते. ऐंशी साल नुकतेच लागले होते. आदल्या दिवाळीनंतर तिला अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मात्र एक शब्द उरला. सकाळी डोळे उघडले की "आन", सून केस विंचरायला बसली की "आन", दिवेलागणीला पुन्हा "आन". तिच्या माहेरच्या बोलीत ण नाही, सगळा न. लग्नानंतर वडिलांच्या धाकाने तिने शाळेतली भाषा उचलली होती. आजारात ती गळून पडली आणि लहानपणचा उच्चार तेवढा राहिला, असे आम्ही समजलो. म्हणजे ती "आण" म्हणते आहे, आणि आम्ही आणत राहिलो. तिचे ठेवणीतले लुगडे, पानाचा डबा, देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, वडिलांचा फोटो, एकदा तर शेजारचे तान्हे मूलसुद्धा. प्रत्येक वस्तू ती नीट पाहायची, तोंड फिरवायची आणि पुन्हा म्हणायची, "आन." मग तिच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहू लागायचे.

त्यात तिने पाणी पिणे सोडले होते. पेज घ्यायची, दुधात भिजवलेला पाव घ्यायची, पण नुसते पाणी ओठाशी नेले की दातखीळ बसल्यासारखे तोंड मिटायची. डॉक्टर म्हणाले, या आजारात पातळ पदार्थ गिळताना ठसका लागतो, म्हणून माणूस भितो. पेज दाट द्या, ओठ ओले ठेवा. ते बरोबरच असणार. पण ती दिवसेंदिवस वाळत चालली होती, आणि त्यांनीही मला बाजूला घेऊन सांगितले की असे फार काळ निभणार नाही.

मी वालीवच्या एका कारखान्यात हिशेब पाहतो. जमा आणि खर्च जुळेपर्यंत मला झोप येत नाही, हा माझा स्वभाव आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. पण हा ताळा काही केल्या जुळेना. देव मी मानतो, रोजची पूजा चुकवत नाही; तरी त्या दिवसांत देव्हाऱ्यापुढे बसलो की मनात येई, ज्या बाईने जन्मभर तुझ्यापुढे दिवा लावला तिला तू एका शब्दावर आणून ठेवलेस, आणि तो शब्दही आम्हाला उलगडू देत नाहीस. ही प्रार्थना नव्हती, तक्रार होती.

माझी बायको मला म्हणाली, "दोन दिवस कुठेतरी पायी जाऊन या. तुम्ही घरात असलात की त्यांना बरं वाटत नाही आणि मलाही नाही." तिचे म्हणणे खरे होते. मला तरुणपणापासून पायी भटकायचा नाद. वाटाड्या घ्यायचा नाही, कुणाला विचारायचे नाही, घरी बसून कागदावर वाट काढायची आणि तिच्याप्रमाणे चालायचे. वसईचा किल्ला मी असाच बुरूज न बुरूज फिरलो होतो, सोपाऱ्याची टेकडी पाहिली होती, निर्मळचे तळे पाहिले होते. तालुक्यातले एकच ठिकाण राहिले होते, अर्नाळ्याचे बेट. ते माझे आजोळ.

तिथे न जाण्याला कारण होते. मी शाळेत असताना आजोबा वारले. ऐन पावसाळा, दर्या खवळलेला, होड्या बंद. मामाने निरोप धाडला नाही. आईला चार दिवसांनी कुणाकडून तरी कळले, पहिली होडी सुटताच ती एकटीच गेली, तोवर सगळे आटोपले होते. भर अंगणात तिने भावाला सांगितले की तुझ्या दारचे पाणी मी पिणार नाही आणि माझी मुलेही पिणार नाहीत. मी तिथे नव्हतो. वडिलांनी पुढे मला बसवून सांगितले, आईने कालिकादेवीची शपथ घेतली आहे, ती आपण पाळायची. आम्ही पाळली. आता जायचे ठरवताना मी स्वतःशी नीट विचार केला: शपथ पाण्याची आहे, बेटाची नाही. बेट पाहीन, मामाकडे जाणार नाही, आणि पाणी घरून नेईन. बायकोने मोठी वॉटरबॅग गळ्यापर्यंत भरून दिली, देवीच्या ओटीचे सामान दिले. मेहुणी मदतीला येऊन राहिली होती. आईला नमस्कार केला तेव्हा तिने माझ्याकडे पाहून पुन्हा तेच म्हटले. मी म्हणालो, "आणतो." काय आणणार होतो, कुणास ठाऊक.

गाडीने विरारला उतरून पायी निघालो, आगाशीला एका ओळखीच्या घरी मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरून होडीत बसलो. फाल्गुनाचे ऊन तापायला लागले होते. होडी बेटाच्या वाळूपर्यंत जात नाही. गुडघाभर पाण्यात उतरावे लागते. उतरताना वॉटरबॅगचा पट्टा कडीतून निसटला. ती पाण्यात पडली, झाकण उडाले, आणि माझ्या हातात आली तेव्हा आत खारे पाणी होते. होडीवाला म्हणाला, "पान्याला पानी मिळालं, त्यात काय रडायचं." होडीतल्या बायका हसल्या. मीही हसलो. होडी निघून गेली. ती परत यायला दुपार होणार होती.

आधी कालिकेच्या देवळात गेलो. ओटी ठेवली, डोके टेकले. मागायचे ते घरून शब्दांत जुळवून आणले होते, आईला आराम पडू दे वगैरे. पण तोंडातून निघाले ते असे: तिला काय आणून देऊ तेवढे सांग, माझी अक्कल संपली. असे मी देवापुढे कधी बोललो नव्हतो. उठलो आणि कागदावरच्या नकाशाप्रमाणे चालू लागलो.

बेट लहान आहे, पण पाहण्यासारखे पुष्कळ. दरवाज्यावरचे हत्ती आणि वाघ मी हात लावून पाहिले, त्यावरचा शिलालेख अक्षर लावून वाचला, तटावर चढलो. आत कुणाकुणाच्या भाजीच्या वाड्या, महादेवाचे देऊळ, पिरांच्या कबरी, आणि समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी. मी विहिरीत डोकावून पाहिले. पाणी खाली दिसत होते, पण दोर नव्हता, पोहरा नव्हता. खरी अडचण पुढेच होती. लहानपणी आईबरोबर आलो होतो, पण मामाचे दार कोणते हे आता आठवत नव्हते. विचारावे, तर मी कोण हे सांगावे लागणार आणि दुसऱ्या मिनिटाला मामाला कळणार. न विचारता कुठे पाणी मागावे, तर नेमके तेच दार निघायचे. म्हणून माझ्या हिशेबाने बेटावरची सगळीच दारे मला बंद होती. दोन घरांतून बायकांनी "पानी पाहिजे काय" म्हणून विचारले, मी नको म्हणालो. तहान तर अशी लागली होती की जीभ टाळूला चिकटत होती.

दक्षिणेच्या टोकाला किल्ल्याबाहेर एक एकटा गोल बुरूज आहे. तो पाहून परत फिरलो. डोळ्यांपुढे अंधारी आली. एका घराच्या ओट्यावर सावली होती, तिथे बसलो की पडलो हे मला सांगता येणार नाही. कुणीतरी माझ्या मानेखाली हात घातला आणि तोंडाला तांब्या लावला. मी प्यालो. सगळा तांब्या प्यालो. त्या क्षणी मला ना शपथ आठवली ना हिशेब. पाणी पोटात गेल्यावर चव कळली, आणि ती चव ओळखीची होती.

समोर एक वयस्कर बाई उभी होती. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारा जाळे विणत बसला होता. त्याने मान वर न करता विचारले, कुठून आलास, काय कामाला. मी म्हणालो, काम नाही, पायी फिरायला आलो.

"पायी? मग दर्यावर पन चालतच आला?"

"गप ऱ्हावा," बाई त्याला म्हणाली. "तोंड बघा त्याचं, सुकवलेल्या बोंबलासारखं झालंय."

कुठला, म्हणून त्याने पुन्हा विचारले. मी नायगाव म्हणालो. नायगावात कोणाचा? खोटे मला बोलता येत नाही. वडिलांचे नाव सांगितले, शाळेत मास्तर होते म्हणालो. म्हाताऱ्याची सुई थांबली. त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. "बायचा थोरला तू," तो म्हणाला. मोठ्या बहिणीला तिथे बाय म्हणतात.

मी तांब्या खाली ठेवला. "मला माहीत नव्हतं," मी म्हणालो. "हे तुमचं दार आहे हे कळलं असतं तर प्यालो नसतो."

मामीचा चेहरा उतरला. पण मामा हसला. "तोंडावर बोलतो. बायचाच हाय," तो म्हणाला, आणि मग, खालच्या आवाजात, "कशी हाय ती?"

मी सांगितले. झटका कसा आला, काय काय गेले, डॉक्टर काय म्हणतात. पाणी पीत नाही हे सांगितले. आणि सांगितले की एकच शब्द उरला आहे, आण आण म्हणते, सगळे घर तिच्यापुढे आणून झाले, पण तिला हवे ते सापडत नाही.

"ती बोलते तसं बोल," मामा म्हणाला.

"आन," मी म्हणालो.

मामाने जाळे मांडीवरून बाजूला सारले. मग म्हणाला, "तिला काय आनून नको रे. तुम्ही शिकलेली मानसं शपथ बोलता. आम्ही आन बोलतो. कालिकेची आन घातली तिनं, ह्याच आंगनात. ती आन सोडवा, असं सांगते ती तुम्हाला."

आमच्या घरात त्या गोष्टीला कायम शपथ म्हणत आलो. तिने मात्र ती स्वतःच्या बोलीत घातली होती, आणि सगळे शब्द गेले तेव्हा तोच तिच्या छातीवर बसून राहिला, आणि तो सुटेपर्यंत दुसरे कुठलेही पाणी तिला घशाखाली उतरवता येईना. मी मामाला विचारले, मग तिने ती स्वतः मनातल्या मनात का सोडली नाही? देवीची माफी मागायची, संपले.

"जिनं घातली तिला सोडवता येत नाय," मामा म्हणाला. "ज्याच्यावर घातली त्यानं आपल्या हातानं पानी द्यायला लागतं, तवा सुटते. दर्या शांत झाल्यावर मी जायाचं होतं. मी बसलो, ती येल म्हनून. ती बसली, मी येन म्हनून." मामी केव्हाच आत गेली होती. ती बाहेर आली तेव्हा तिच्या एका हातात मामाचा धुतलेला सदरा होता आणि दुसऱ्या हातात पाण्याने भरलेली पितळी कळशी, तोंडाला फडके बांधलेली.

दुपारच्या होडीने आम्ही दोघे निघालो. देवळाशी मामा थांबला, आत गेला नाही, बाहेरूनच हात जोडले. मी कळशी धरतो म्हणालो तर दिली नाही. त्या गर्दीत, एस.टी.त आणि गाडीत, म्हातारा ती मांडीवर धरून बसला होता.

आम्ही घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. बायकोने दार उघडले, माझ्यामागे कोण आहे हे तिला कळेना. मामा सरळ आईच्या खाटेशी गेला आणि खाली बसला. आईने त्याच्याकडे पाहिले. ओळखले की नाही असे मला वाटले तेवढ्यात ती म्हणाली, "आन."

"सुटली, बाय," मामा म्हणाला. "पानी घे."

त्याने चमचा भरला. आईने तोंड उघडले. पहिला चमचा बराचसा हनुवटीवरून ओघळला, दुसरा आत गेला, तिसऱ्याला तिने स्वतः मान पुढे केली. ठसका लागला, मामाने पाठ चोळली, ती पुन्हा प्याली. बायको दाराशी उभी राहून पदराने डोळे पुसत होती. मी काही करत नव्हतो, नुसता उभा होतो. महिनोन् महिने मी धावलो होतो, आणि ज्या क्षणी काम झाले त्या क्षणी माझ्या हातात काहीही नव्हते.

डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, गिळण्याची शक्ती हळूहळू परत येते, ती आता आली असेल. मी वाद घातला नाही. त्यांचे शास्त्र ते जाणतात. मी इतकेच नोंदवतो की त्या संध्याकाळनंतर आई पाणी पिऊ लागली आणि तो शब्द तिने पुन्हा कधी उच्चारला नाही. वाचा आली नाही. पण ती शांत झाली. मामा दर महिन्याला यायचा, कळशी घेऊन यायचा, आणि दोघे शेजारी बसून राहायची. पुढच्या पावसाळ्यानंतर ती गेली तेव्हा निरोप वेळेवर पोचला, आणि मामाने तिच्या तोंडात शेवटचे पाणी घातले.

त्या दिवसाचा विचार मी पुष्कळदा केला आहे. काय आणू ते सांग, असे मी देवीला विचारले होते. पण ती तर मी देवळाची पायरी चढण्याआधीच कामाला लागली होती. माझ्याजवळचे पाणी तिने आधीच काढून घेतले होते. ते खांद्यावर असते तर मी सगळे बेट बिनचूक पाहिले असते, शपथ पाळली असती आणि रिकाम्या हाताने घरी आलो असतो. माझी दक्षता खोटी नव्हती, पण ती एका मर्यादेपर्यंतच कामाची होती. पुढचे तिने केले, आणि त्याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

मी अजूनही पायी हिंडतो. कागदावर वाट काढतो, बायको वॉटरबॅग भरून देते. पण वाटेत कुणी पाणी पुढे केले तर आता नको म्हणत नाही. आधी पितो. दार कोणाचे, ते मग विचारतो.