साहेबांची झडती

आमचे हे तुरुंगात शिपाई, आणि मीही तिथेच, भेटीला येणाऱ्या बायकांच्या झडतीला. अलीकडे यांची झोप पार उडाली होती. घरी जेवतानाही दाराकडे पाठ करून बसत नसत. एकदा मुलीने लाडाने मागून गळ्यात हात टाकला, तर तिचं मनगट पिरगाळलं. मग मीच मागे लागून यांना तुरुंगातल्या समुपदेशकाकडे धाडलं. "इथलं इथेच राहील," असं तो म्हणाला, म्हणून यांनी सगळं सांगून टाकलं. बाथरूममध्ये नळ सोडून रडतो, हेसुद्धा.

त्याच आठवड्यात हजेरीला अधीक्षक साहेब म्हणाले, "कुणाला रडायचं असेल तर खुशाल रडा, पण नळ बंद ठेवा. पाणी वाया जातं." अख्खी रांग खिदळली. साहेबांनी नाव घेतलं नव्हतं, पण यांचा चेहरा पाहून सगळ्यांना कळलं. वर 'हलकं काम' म्हणून यांना मुख्य फाटकावर टाकलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे म्हणाले, "जाऊ दे गं."

"जाऊ दे कसं? आत येणाऱ्या प्रत्येकाची झडती घ्यायची, असा नियम आहे ना? मग साहेब काय आभाळातून पडलेत?"

आजवर सगळे साहेबांना सलाम ठोकून बाजूला व्हायचे. दुसऱ्या दिवशी यांनीही सलाम ठोकला आणि म्हणाले, "साहेब, बूट काढा."

"मला ओळखत नाहीस?"

"ओळखतो ना. मोजेही काढा."

एका मोज्यातून अंगठा बाहेर आलेला. साहेब लालबुंद झाले, पण नियमच तो, बोलणार काय? मग हे रोजचंच झालं. तो सोहळा चुकू नये म्हणून मी कामावर लवकर जायला लागले. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं. यांचं जेवणही सुधारलं. पण बघणारे गालातल्या गालात हसायचे, आणि तेवढ्याने माझं भागत नव्हतं. यांच्यावर हसले तसे सगळे एकदा साहेबांवर खदाखदा हसायला हवे होते.

एका सकाळी साहेबांच्या आतल्या खिशातून गोळ्यांची पट्टी निघाली. साहेब हळूच म्हणाले, "राहू दे रे, ते आत ठेव."

यांनी पट्टी उजेडात धरली. 'मोठ्याने वाचा,' मी मनात म्हणत होते. हे हजेरीच्या आवाजात ओरडले, "झोपेच्या गोळ्या! साहेबांच्या खिशात! निम्म्या संपल्यात!"

मी हसायला तोंड उघडलं. पण मागे कामावर येणाऱ्या शिपायांची रांग होती, आणि त्यात कुणीच हसलं नाही. सगळ्यात पुढच्याचा हात आपल्या खिशावर गेला. त्याच्या मागच्याचाही.

साहेब बूट हातात घेऊन आत गेले. मला त्यांची कीव आली नाही, आजही येत नाही. यांनी पट्टी टेबलावर ठेवली आणि रांगेकडे वळून म्हणाले, "चला, पुढे या."

कुणीच पुढे येईना.