इस्माईलभाईंची चढाची सायकल

दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा सायकलने लोणावळ्याला जायचं ठरवलं, कारण आदल्या वर्षीची सफर फार सुखाची झाली होती. साल १९३७. मी पुण्यात शाळामास्तर, आणि माझी सायकल तळेगावच्या इस्माईलभाईंकडून घेतलेली.

ती सायकल कशी होती ते आधी सांगतो; या वाटेला निघणाऱ्याने ते जाणून घ्यावं. इस्माईलभाई विलायती कंपनीची कोरी गाडी आणत. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी देत, चढ हलका जावा म्हणून मागे मोठं दातेरी चक्र घालत, दुधाचे दोन कॅन मावतील असं रुंद कॅरिअर बसवत आणि विकत. कंपनीला कधी विचारलं नाही. पुढचा कंपनीचा पितळी बिल्ला मात्र जिथल्या तिथे राहू देत. मावळातले दूधवाले याच गाड्यांवर खिंडी चढून स्टेशन गाठत.

उजाडता निघालो. निगडीपर्यंत रस्ता बरा आहे. देहूरोडच्या पुढे खडी उखडली आहे, तिथे घाई करू नये. बेगडेवाडीजवळ एका मळ्यात पाणी मागितलं, तर म्हातारीने वर गुळाचा खडाही दिला.

तळेगावात पोचलो तर दुकानाला कुलूप. शेजारच्या ओट्यावर इस्माईलभाईंच्या पत्नी, हमीदावहिनी, गोधडी शिवत बसल्या होत्या. मला ओळखून त्यांनी चहा टाकला.

"कंपनीचा सायेब आलता मोटारीतनं," त्या म्हणाल्या. "हातात चिठ्ठी. पुन्याच्या कुनीतरी आमच्या गाडीची लय तारीफ लिवलेली. सायेब म्हनला, आमच्या नावावर तुमी दुसरीच गाडी विकता. दुकानातल्या चार गाड्यांचं बिल्लं उचकटून नेलं, ह्यांची कागदावर सही घेतली. पुन्यातनं गाड्या यायच्या त्या बी बंद."

ती चिठ्ठी माझी होती. पहिल्या सफरीच्या आनंदात मीच कंपनीच्या मुंबई कचेरीला लिहिली होती, इस्माईलभाईंचं नाव, गाव, काय काय बदललं ते सगळं. वर शहाणपणाने असंही लिहिलं होतं की तुमच्या कारखान्याने यांच्याकडून शिकावं.

"भाई कुठे आहेत आता?"

"लोनावळ्यात. त्याच कंपनीच्या दुकानात कामाला. आठवड्यानं येत्यात."

वहिनींना खरं सांगायचा धीर झाला नाही. चहा संपवला आणि निघालो.

वडगावात मामलेदार कचेरीजवळच्या खाणावळीत दोन आण्यांत पिठलं, भाकरी आणि ठेचा मिळाला. एरवी मी त्या ठेच्यावर अर्धं पान लिहिलं असतं. त्या दिवशी अर्धी भाकरी टाकून उठलो. पुढे कामशेतची खिंड. इतर सायकलवाले तिथे उतरून ढकलत होते; मी न उतरता चढलो. चढताना पायांना काही जड गेलं नाही, याचीच लाज वाटत राहिली.

लोणावळ्याच्या बाजारात ते दुकान शोधावं लागलं नाही. दर्शनी भागातच नवी कोरी सायकल उभी होती. चिमट्याला पट्टी, मागे मोठं चक्र, रुंद कॅरिअर, आणि गळ्यात पाटी: 'घाटासाठी खास'.

"कंपनीने मंजूर केलेला साज आहे," दुकानदार म्हणाला. "बाहेरचं काम नाही."

मागच्या पडवीत इस्माईलभाई पट्टीला भोक पाडत होते. मला बघून कपाळाचा घाम पुसत उठले. मी एका दमात बोलून टाकलं, "भाई, ती चिठ्ठी मी लिहिली होती."

"ठावं हाय, मास्तर. सायबानं नाव वाचून दावलं व्हतं."

"मग मला कळवलं का नाहीत?"

"काय कळवायचं? तुमी चांगलंच लिवलं व्हतं." ते पुन्हा उकिडवे बसले. "हितं पगार येळवर मिळतो. फकस्त एक हाय, कुनी गिऱ्हाईक आलं की मालक मला पुढं येऊ देत न्हाई. ही पट्टीची युगत कुनी शोधली, ह्ये बोलायचं न्हाई, असं सहीच्या कागदावर हाय."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. आतून मालकाची हाक आली आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी कार्ल्याची लेणी पाहायचा बेत होता. पायथ्याशी सायकल टेकवून थोडा वेळ बसलो आणि वर न जाताच परतलो. तळेगावाला बाजूने वळसा घातला.

कंपनीला दुसरं पत्र लिहिलं, चांगलं खरमरीत. उत्तर म्हणून नव्या गाड्यांचं रंगीत माहितीपत्रक आलं.

परवा शाळेतले एक सहकारी म्हणाले, "लोणावळ्याला जायचंय, कोणती सायकल घेऊ?" मी लोणावळ्याच्या दुकानातली ती घाटाची गाडी सांगितली. मजबूत आहे, चढाला धाप लागत नाही.

"विलायतेतच बनवलेली ना?"

"नाही. तो सगळा साज तळेगावच्या इस्माईलभाईंनी शोधून काढलेला आहे."

"मग राहू द्या," ते म्हणाले.