आईचं दुसरं लग्न, त्याच नवऱ्याशी

परदेशात ताईला सातवा महिना लागला आणि आईच्या व्हिसाचा अर्ज परत आला. कारण लिहिलं होतं: अर्जदार ही यजमान मुलीची आई असल्याचं सिद्ध होत नाही.

आईच्या पासपोर्टवर तिचं माहेरचं, तेल्हाऱ्याचं आडनाव होतं. लग्नानंतरही ते तिने तत्त्वासाठी सोडलं नव्हतं. ताईच्या जन्मदाखल्यावर मात्र दवाखान्यातल्या नर्सने आईच्या नावापुढे बाबांचं आडनाव लिहून टाकलेलं. म्हणजे कागदांच्या मते ताईला जन्म देणारी बाई वेगळी आणि तिच्या बाळंतपणाला निघालेली वेगळी. कुठल्याही मुलीला आपल्या आईला घरी बोलावण्यासाठी ती आई असल्याचं तिऱ्हाइताला का पटवावं लागावं, हा प्रश्न मी आजही सोडलेला नाही. पण अमरावतीच्या एजंटला प्रश्नांत रस नव्हता. "मॅरेज सर्टिफिकेट जोडा," तो म्हणाला. "दोन्ही नावं एकाच बाईचे, हे त्यातून दिसते."

आईबाबांच्या लग्नाची नोंदच नव्हती. चांदूर रेल्वे गावच्या नोंदणी कार्यालयात ती करायला गेलो, तर तिथल्या बाबूने लग्नपत्रिका मागितली. बाबांनी अभिमानाने एक पिवळं पडलेलं पत्रक पुढे केलं. 'हुंडा घेणाऱ्याच्या पंगतीला बसू नका' हा मथळा, खाली दीड पान आवेश, आणि शेवटी एक ओळ: याच दिवशी आम्ही लग्न करत आहोत, चहा मिळेल.

बाबूने ते उलटसुलट करून पाहिलं. "हे तं मोर्चाचं हाय, गुरुजी. लगन लावलं कोनं?"

"लोकांनी."

"त्यायचे आधार कार्ड आना मंग."

मग आवाज खाली आणून त्याने उपाय सांगितला. जुन्या तारखेची एक पत्रिका छापून घ्या, एखाद्या भटजीची सही आणा, सगळेच आणतात. बाबा ताडकन उठले. मी त्यांच्याही आधी उठले होते. माणसाला खोटं बोलायला लावणारी व्यवस्था कशी असते, ते मी मागे वळून रांगेला समजावून सांगितलं. रांग पुढे सरकायची वाट बघत होती.

"झालं तुयं भाषन?" आई म्हणाली. "जुन्या तारखेचं खोटं होते ना? मंग नव्या तारखेचं खरं करू. आपन पुन्हा लगन करू."

बाबांचा चेहरा उतरला. "भटजी बोलावून?"

"हव, भटजी बोलावून. मी बाळंतपनाले चालली, अधिवेशनाले नाही."

चार दिवसांनी घरासमोर मांडव उभा राहिला. कन्यादानासाठी तेल्हाऱ्याच्या मामाला फोन केला, तर तो म्हणाला, "पयल्या लग्नात तुमी मले कन्यादान करू देलं नाही. आता कावून येऊ?" आणि फोन ठेवला.

भटजींनी माझ्याकडे पाहिलं. 'मुलगी ही दान करायची वस्तू नाही' हे पत्रक मी आदल्याच वर्षी घरोघर वाटलं होतं. "तुमचं वाचलं मी," भटजी शांतपणे म्हणाले. "हात पुढे करा."

मी आईचा हात बाबांच्या हातात दिला आणि पाणी सोडलं. आईची मान खाली होती, खांदे हलत होते. गहिवरली असेल म्हणून मी वाकून पाहिलं. ती हसत होती.

नोंद झाली. एजंटने सर्टिफिकेटवरची तारीख दोनदा वाचली. "म्याडम, मायचं लगन मागच्या हप्त्यात?"

"हो."

"अन् पोरगी एकतीस वर्साची?"

"दोन्ही खरं आहे."

त्याने मान हलवून अर्ज पाठवला. दुसऱ्यांदा नकार आला असता, तर तिसऱ्या अर्जापुरते दिवसच उरले नव्हते. पण व्हिसा आला. आई कोण, एवढंच त्यांना हवं होतं. कधीपासून, हे त्यांनी विचारलंच नव्हतं.

ते विचारलं तिथल्या विमानतळावर. आईने नंतर फोनवर सांगितलं: "हिंदी बोलनारी बाई होती खिडकीत. म्हने, शादी को कितना टाइम हुआ? म्हनलं, डेढ महिना. म्हने, यहाँ किसलिए? म्हनलं, बेटी की डिलिवरी है. तिनं कागद पाह्यला, मंग माह्याकडे पाह्यलं, मंग पुन्हा कागद. अन् शिक्का मारला. म्हने, मुबारक हो."

"कशाबद्दल?"

"ते इचारत कोन बसते? पोरगी बाहेर उभी होती."