फुगलेली बाटली

मी रसायनशास्त्र शिकवतो. त्यामुळे धरमपेठेतल्या आमच्या सोसायटीत मला फार मान. टाकीतल्या शेवाळापासून आंब्यावरच्या पावडरीपर्यंत लोक मलाच विचारायचे, आणि नाही विचारलं तरी मी सांगायचो.

तीन उन्हाळ्यांपूर्वी मी सोसायटीतून क्लोरीनचं ब्लीच हद्दपार केलं. त्या जागी ऑक्सिजनवाली पावडर आणली. गच्चीवर सगळ्यांना समजावलं: या पावडरीत धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र बांधलेले असतात. पाण्यात सुटतात, डाग काढतात, आणि नाल्यात जाईपर्यंत उरतं पाणी, प्राणवायू अन् थोडा सोडा. सगळं खरं होतं. टाळ्याही पडल्या. पर्यावरण वाचवायला आम्हाला एवढंच लागतं: शर्ट पांढरे राहावेत आणि धुणारी दुसरी कुणी असावी.

धुणारी होती. आमचं आणि आणखी चार घरांचं धुणं एकच बाई करायच्या. पावडरीला गरम पाणी लागतं. रोज तापवायला बायको कुरकुरली. मग मी अक्कल चालवली. आठवड्याचं पाणी एकदाच कालवून कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत भरलं आणि झाकणं कचकचून आवळली. नागपूरचा मे, पश्चिमेची बाल्कनी. हे पाणी पडल्या पडल्या वायू सोडतं आणि बंद बाटलीत तो कोंडतो, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो.

बाई म्हणाल्या होत्या, "सर, हे बाटली फुगून राहिली जी."

"ऑक्सिजन आहे बाई, आपण श्वासात घेतो तोच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती उचलली आणि ती फुटली. पाणी डोळ्यांत गेलं. नळाखाली कितीतरी वेळ धुतले. डोळे वाचले, पण आठवडाभर उजव्यानं धुरकट दिसत होतं.

सोसायटीच्या सभेत प्रश्न आला, फुटली कशी? मी म्हणालो, "बाईंनी त्यात संडासाचं ॲसिड मिसळलं असावं." 'असावं' हा शब्द आम्हा विज्ञानवाल्यांच्या फार कामाचा. पाचही घरांनी त्यांचं काम बंद केलं. पाचवं माझंच.

त्या दाराशी आल्या. "म्या काई मिसळलं नाही सर. झाकण तं मले उघडतच नव्हतं."

मी चष्मा पुसत राहिलो.

या मार्चमध्ये त्या भाजीबाजारात दिसल्या. आता एका वसतिगृहाच्या चादरी धुतात. मी कसंबसं म्हणालो, "चूक माझी होती."

"मले माहीत हाय," त्या वांगी निवडत म्हणाल्या. "मले काहून सांगून राहिले? त्याइले सांगा ना."

पुढच्या सभेत सांगितलं. सगळे पंख्याकडे बघायला लागले. मग सेक्रेटरी म्हणाले, "जाऊ द्या ना सर, जुनं झालं. पावडर तर सेफ आहे ना?"

"नाल्याला सेफ आहे," मी म्हणालो. "माझी चूक सभेच्या वहीत लिहा."

"वहीत कशाला?"

मी वही ओढली आणि लिहिलं: बाटली मी भरली, झाकण मी आवळलं, बाईंनी काही मिसळलं नव्हतं, मी खोटं बोललो. खाली सही केली आणि वही त्या चार घरांपुढे सरकवली. दोघांनी सही केली. एकाचं पेन चालेना. चौथ्या घरच्या वहिनी वाचून म्हणाल्या, "मग त्या परत येतील का हो? आमच्या नवीन बाईला पांढरं नीट जमत नाही."