बिल्ल्याशिवाय सायकल नाही

इस्पितळाच्या फाटकाशेजारी दोन कडुनिंबांखाली नोपोकोचा सायकल स्टँड होता आणि तिसऱ्याखाली माझं शिलाई मशीन. वागादुगूत माणूस एक वेळ उपाशी राहील, पण सायकलवाचून राहायचा नाही. त्यामुळे तिची झाडं कायम भरलेली असत, माझं मात्र ओकंबोकं.

नोपोको मोसी, मी सामो. या दोन जमातींनी भेटल्याबरोबर एकमेकांना थट्टेने टाकून बोलायचं, ही पणजोबांपासूनची रीत. सकाळी जाडजूड साखळी खांद्यावर टाकून ती आली की म्हणायची, "काय रे गुलामा, मालकिणीची जागा झाडलीस का?"

मी म्हणायचो, "गाढवं खाणाऱ्यांना कसली झाडलेली जागा? बस तशीच."

एवढं झालं की दोघांचा दिवस सुरू.

आधी हा स्टँड एका म्हाताऱ्याकडे होता. तो डुलक्या काढायचा आणि सायकली जायच्या. तो गावी परतल्यावर नोपोकोने जागा मागितली, तेव्हा इस्पितळाचा कारकून हसला. "चोरामागे तू धावणार?"

"धावायला लागू नये म्हणूनच साखळी आणलीय," ती म्हणाली.

तिची पद्धत साधी. आल्या सायकलीच्या सीटवर खडूने आकडा, त्याच आकड्याचा पत्र्याचा बिल्ला मालकाच्या हातात, आणि पुढच्या चाकांमधून ओवलेली साखळी. बिल्ला दाखवा, सायकल न्या. बिल्ला हरवला तर संध्याकाळी सगळे जाईपर्यंत थांबा आणि ओळखीचा माणूस आणा. मोठे डॉक्टर असोत की माझ्यासारखा शेजारी, सूट नाही. एकदा मी बिल्ला विसरलो, तर तिने मला पायी घरी पाठवलं.

एके वर्षी थंडीत, धुळीचा वारा सुटला होता तेव्हा, शहराजवळच्या साबा गावचा कूका नावाचा गवंडी बायकोला कॅरियरवर बसवून आला. आजारी तोच होता, तरी सायकल त्यानेच मारली होती. त्याचे हात इतके थरथरत होते की नोपोकोने बिल्ला बायकोच्या हातात दिला. तिचं नाव लामूसा. कूका आत गेला तो परत आला नाही. प्रेत गाडीतून गावी गेलं, बायकोही त्याच गाडीतून गेली, सायकल झाडाखाली राहिली.

मग कूकाचा थोरला भाऊ तासेरे आला. सरळ रांगेत शिरून त्याने हँडल धरलं.

"बिल्ला?" नोपोकोने विचारलं.

"मावशी, ही माझ्या भावाची सायकल. तो गेला."

"ऐकून वाईट वाटलं. देव त्याला थंड माती देवो. बिल्ला?"

"मेलेला माणूस बिल्ला आणून देणार का?"

"मी जिच्या हाती दिलाय ती आणून देईल."

"ती विधवा बाई. आमच्या घरातली. तिचं ते आमचं. साबात कुणालाही विचार."

"विचारीन," नोपोको म्हणाली आणि साखळीचं कुलूप ओढून पाहिलं.

तो हात हलवत गेला आणि पोलीस घेऊन आला. पोलीस भला होता, त्याची मोपेड रोज आमच्याकडेच लागे. तो म्हणाला, "मावशी, सख्खा भाऊ आहे. कशाला ताणतेस? देऊन टाक."

"देते. तुझाही धाकटा भाऊ आहे ना रे? उद्या तो आला आणि म्हणाला, माझ्या दादाची मोपेड दे, तर त्यालाही देऊ?"

पोलिसाने मोपेडकडे पाहिलं. "त्याला अजिबात देऊ नकोस," तो म्हणाला, आणि तासेरेला म्हणाला, "बिल्ला घेऊन ये, बाबा."

जाताना तासेरेने नाही नाही ते ऐकवलं. नोपोकोने पुढच्या सायकलीवर आकडा घातला. दुपारी चवळीची भजी खाताना तिने मला सांगितलं, की तिचा नवरा आयव्हरी कोस्टच्या मळ्यात मेला, तेव्हा दिरांनी चुलीवरचं भांडंसुद्धा उतरवून नेलं. आतलं कालवण जमिनीवर ओतून. "मी बघत बसले. तेव्हा मला वाटलं, हे असंच असतं."

पुढचे कितीतरी दिवस ती सायकल तिथेच होती. नोपोको रोज धूळ पुसायची, चाकात हवा भरायची आणि संध्याकाळी ती इस्पितळाच्या चौकीदाराच्या खोलीत नेऊन ठेवायची. लामूसा काही येईना. शेवटी एका रविवारी साखळीची किल्ली माझ्यापुढे ठेवून नोपोको म्हणाली, "गुलामा, आज स्टँड तू सांभाळ. एक जरी सायकल गेली तर तुझं मशीन माझं." आणि साबाला गेली. त्या दिवशी मी दोन सायकलींवर एकच आकडा घातला आणि दोघांच्याही शिव्या खाल्ल्या, ते असो.

समाचाराला आलेल्या बाईला कुणी दारातून परत पाठवत नाही. नोपोको रीतीप्रमाणे समाचाराला न्यायची कोलाची फळं घेऊन गेली आणि दीर अंगणात बसलेले असताना थेट लामूसाजवळ जाऊन टेकली. लामूसा कुजबुजली, "त्यांनी नवऱ्याचे सगळे सदरे झाडून पाहिले. बिल्ला माझ्या लुगड्याच्या गाठीत आहे. पण सायकल आता कुठली असायला?"

"बिल्ला आहे तोवर सायकल आहे. सुतक फिटलं की ये," नोपोको म्हणाली.

ती आली. गाठ सोडून बिल्ला पुढे केला. नोपोकोने सीटवरचा आकडा ताडून पाहिला, मगच कुलूप काढलं. लामूसा हँडल धरून नुसतीच उभी राहिली.

"घरी नेली की संध्याकाळपर्यंत ते घेतील," ती म्हणाली. "आणि मला चालवताही येत नाही."

"घरी कशाला नेतेस? रात्री इथेच ठेव. चालवायचं म्हणशील तर समोर एवढं मैदान पडलंय."

मग आठवडाभर दुपारी आमच्यापुढे तमाशा चालला. लामूसा पडायची, नोपोको कॅरियर धरून मागे धावायची, आणि मी मशीनवरून ओरडायचो, "मोसी बायका गाढवावरच बऱ्या." दोघी मिळून मला शिव्या घालायच्या. शेवटी ती एकटी फाटकापर्यंत जाऊन वळून आली, गुडघे फुटलेले, चेहरा घामाने निथळत असलेला.

धरणाकाठी तिने भाजीचा वाफा धरला. पहाटे साबाहून चालत यायची, बिल्ला देऊन सायकल न्यायची, पालेभाजी बाजारात पोचवायची, उन्हं कलली की सायकल परत लावायची. पुढे साबाच्या आणखी दोघी आपापल्या सायकली इथे ठेवायला तिच्याबरोबर येऊ लागल्या. एकीचा नवरा जिवंत होता, पण सायकल विकून दारू पिणारा.

तासेरे आणखी दोनदा लामूसाची सायकल मागायला आला. दोन्ही वेळा नोपोकोने बिल्ला मागितला. तिसऱ्यांदा तो तापलेल्या मुलीला स्वतःच्या सायकलवर बसवून इस्पितळात आला. नोपोकोने सीटवर आकडा घातला, बिल्ला त्याच्या हाती दिला आणि म्हणाली, "पोरीला आधी आत ने. सायकलची काळजी करू नकोस."