बोलताना ऐकू येणारा सेट

सिग्नल्समधली माझी बरीचशी नोकरी पश्चिम सीमेवर झाली, ब्रिगेड हेडक्वार्टरच्या रेडिओ रिलेवर. मी हवालदार, घर कुर्डुवाडी, जिथून बार्शीची हळू चालणारी नॅरोगेज गाडी सुटे. आता सोलापुरात स्थायिक आहे. लोक विचारतात, रिले म्हणजे काय? साधं आहे. पायदळाच्या पाठीवरचा सेट एका वेळी एकच काम करतो. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. म्हणून बोलणं संपलं की ‘ओव्हर’. रिले सेटला जाण्याची फ्रिक्वेन्सी वेगळी, येण्याची वेगळी. टेलिफोनसारखं दोघे एकदम बोलले तरी दोघांना ऐकू येतं. याला फुल डुप्लेक्स म्हणतात. पण त्याला अँटेनाचा उंच मास्ट, जनरेटर आणि गाडी लागते. तो पाठीवर टाकून टेकडी चढता येत नाही.

रिलेच्या दुसऱ्या टोकाला, पुढच्या बटालियनजवळ, लान्स नाईक इरप्पा असे. दुधनीचा. वडील तिथल्या अडत बाजारात हमाल. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषांत तोंड बंद नाही. सकाळी लाइन टेस्ट करायची म्हणजे आकडे मोजायचे, असा नियम होता. ते झालं की आम्ही थोडं भांडून घेत असू.

“अण्णा, तुमची नॅरोगेज बार्शीला पोचली का न्हाय? आमची म्हस कवाच म्होरं गेली की.”

मी त्याचं वाक्य पुरं होऊ देत नसे, तो माझं. दोघांचं हसणं हेडफोनमध्ये एकाच वेळी येई. घरापासून इतक्या लांब, ओसरीवर बसल्यासारखं वाटे. तशा सकाळी पुढे मिळाल्या नाहीत.

लढाई सुरू झाली. आमच्या एका कंपनीने पुढची टेकडी घेतली. तिथे मास्ट नेणं शक्य नव्हतं. पाठीवरचा सेट घेऊन जाणारा ऑपरेटर हवा होता. इरप्पा स्वतःहून गेला.

एका दुपारी माझ्या एका कानाला डिव्हिजनचा रिले होता, दुसऱ्याला इरप्पाचा सेट. टेकडीखाली शत्रूचे रणगाडे दिसले होते. आमच्या तोफांसाठी तो माथ्यावरून त्यांच्या जागा सांगू लागला. तेवढ्यात रिलेवर खबर आली, शत्रूच्या तोफांनी टेकडीचा माथा नेमात धरला आहे. कॅप्टन साहेब शेजारीच उभे होते.

“ऑपरेटरला खाली घे. आत्ता.”

मी बटण दाबलं. उपयोग नव्हता, कारण त्याचंही दाबलेलं होतं. मोठा मेसेज तुकड्यांनी द्यायचा, मध्ये बटण सोडून ऐकायचं, ही आमची शिस्त. पण रणगाडे चालत होते. थांबला असता तर सांगितलेल्या जागा शिळ्या झाल्या असत्या. तो एका दमात सांगत गेला, आकडे नियमाप्रमाणे दोनदा.

“इरप्पा, खाली ये. इरप्पा.”

बटण सोडलं की मला तो स्पष्ट ऐकू येत होता. त्याला मी नाही. शेवटचा आकडा दुसऱ्यांदा सांगताना आवाज तुटला. ‘ओव्हर’ आलं नाही.

त्याने दिलेल्या जागांवर आमच्या तोफा लागल्या. रणगाडे माघारी वळले. कंपनी टेकडीवर टिकली.

पहिल्या रजेत मी दुधनीला गेलो. इरप्पाच्या वडिलांनी दारातच घोंगडं टाकलं. कंपनीचा निरोप, साहेबांचा निरोप, सगळं मी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, त्याला कुणी खाली बोलावलं न्हाय का?

“मीच बोलावत होतो, काका. त्याला ऐकू गेलं नाही.”

मी अंगठा दाबून-सोडून बटणाचं समजावून सांगितलं. ते माझ्या अंगठ्याकडे बघत होते.

“म्हंजी तो बोलत व्हता.”

“व्हय.”

“भ्याल्यागत?”

“न्हाय. रोजच्यासारखाच.”

ते उठून आत गेले. इरप्पाची आई चुलीपाशी होती. मला कानडी येत नाही. पण त्यांनी तिला एकच वाक्य सांगितलं, आणि ते कोणतं हे मला कळलं: तो रोजच्यासारखाच बोलत होता.